एकट्याने बांधलेले मनोरे

उंच इमारत बांधायची तर काय काय लागते, असे वर्गात विचारले की मुले भराभर सांगतात : सिमेंट, वाळू, सळया, गवंडी, इंजिनिअर, नकाशा. आता यातला इंजिनिअर वगळू, नकाशा वगळू, हाताखालची माणसेही वगळू. मग किती उंच बांधता येईल?

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या वॉट्स या वस्तीत सायमन रोडिया नावाचा इटालियन मजूर राहत असे. दिवसाची मजुरी आटोपली की तो आपल्या अंगणात बांधकाम करी. १९२१ ते १९५४ अशी ३३ वर्षे हे काम चालले. त्यातून १७ रचना उभ्या राहिल्या. सर्वांत उंच मनोरा सुमारे ३० मीटरचा, म्हणजे दहा मजली इमारतीएवढा आहे.

रोडियाने परांची बांधली नाही. कमरेला पट्टा अडकवून तो आधी बांधलेल्या कड्यांवर चढे आणि पुढचे कडे बांधी. सळया वाकवायला जवळच्या रेल्वेरुळांचा उपयोग करी. वेल्डिंग नाही, नट-बोल्ट नाहीत. दोन सळयांची टोके एकमेकांवर ठेवायची, तारेने बांधायची, भोवती जाळी गुंडाळायची आणि सिमेंटचा माल हाताने लिंपायचा. ओल्या मालातच तो फुटक्या फरशा, बाटल्यांच्या काचा, शिंपले दाबून बसवी.

हे टिकते कसे? सिमेंटचा माल दाब चांगला सोसतो, पण ताणला की तडकतो. पोलाद ताण सोसते, पण उघडे राहिले तर गंजते. दोघांना एकत्र आणले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. आपल्याकडच्या फेरोसिमेंटच्या पाण्याच्या टाक्या याच तत्त्वावर बनतात. शिवाय हे मनोरे भिंतीसारखे भरीव नसून पिंजऱ्यासारखे पोकळ आहेत. त्यामुळे वारा बराचसा आरपार जातो.

१९५५ मध्ये रोडिया जागा सोडून निघून गेला. पुढे मनोरे धोकादायक ठरवून ते पाडण्याचा हुकूम निघाला. अधिकाऱ्यांची शंका अगदीच अनाठायी नव्हती. ज्याची आकडेमोड कुणी केलेली नाही, ते वस्तीत उभे राहू द्यायचे कसे? तेव्हा बड गोल्डस्टोन या विमान-उद्योगातील इंजिनिअरने सुचवले, वाद कशाला, ओढूनच पाहू! १० ऑक्टोबर १९५९ रोजी मनोऱ्याला आडवा ताण दिला. तो वाढवत सुमारे ४,५०० किलोग्रॅम वजनाएवढा केला. मनोरा उभाच राहिला. ओढणाऱ्या साधनांनीच हार खाल्ली. पाडण्याचा हुकूम मागे पडला.

मात्र या चाचणीने एकाच प्रश्नाचे उत्तर दिले : मनोरा एवढा ताण त्या दिवशी सोसतो का? ऊन-पावसाने माल प्रसरण-आकुंचन पावतो, भेगा पडतात, त्यांतून पाणी शिरून आतले पोलाद गंजते. म्हणूनच या मनोऱ्यांची डागडुजी अनेकदा करावी लागली आहे.

वर्गात करून पाहू. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू असा माल कालवून ३० सेंमी लांब, ५ सेंमी रुंद आणि २ सेंमी जाड अशा तीन पट्ट्या ओता. दोन पट्ट्यांत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी तळाजवळ घाला. (ओले सिमेंट कातडीला झोंबते, हातमोजे घालावेत.) पट्ट्या सात दिवस ओल्या ठेवा. मग पट्टी दोन विटांच्या थरांवर टेकवून मध्यभागी बादली टांगा आणि मगाने पाणी ओतत जा. पाय दूर ठेवा! बिनजाळीची पट्टी एकदम मोडते. जाळीची तडकते, पण चटकन तुटून पडत नाही. आता तिसरी पट्टी उलटी, म्हणजे जाळी वर येईल अशी ठेवा. काय होईल, हे मुलांना आधी लिहायला सांगा आणि मगच पाणी ओता. पट्टी वाकते तेव्हा ताण वरच्या बाजूला पडतो की खालच्या, हे मुलांनाच शोधू द्या.

रोडियाने पुस्तकातून हे शिकल्याचे दिसत नाही. ३३ वर्षे तो हातांनी शिकत राहिला. पण हातांचे ज्ञान खरे की नियमांचे, हा वाद त्या दिवशी ना पदवीने मिटवला, ना कौतुकाने. तो मिटवला चाचणीने. आपल्या वर्गातही कुणी चमत्कारिक उत्तर दिले तर खोडण्याआधी एकदा ओढून पाहायला काय हरकत आहे?