फिरस्त्या खेळाडूचा मुक्काम

धामणगाव रेल्वेच्या फलाटावर बडनेऱ्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहणाऱ्या ज्या मुलांच्या मनात व्यावसायिक खेळाडू होण्याचा ध्यास आहे, त्यांना हे ठाऊक असावे, की या पेशात एकाच संघाची आजन्म चाकरी थोड्यांच्याच वाट्यास येते. इतरांचे आयुष्य मुदतीच्या करारनाम्यावर चालते आणि मुदत सरली की मुक्काम हलतो. अमेरिकेतील बास्केटबॉलपटू इश स्मिथ तर १३ संघांकडून खेळला.

आपल्या वऱ्हाडातले निकटचे उदाहरण अमरावतीच्या जितेश शर्माचे. या यष्टिरक्षक-फलंदाजाला २०१६ साली आयपीएलच्या लिलावात मुंबई इंडियन्सने १० लाख रुपयांस घेतले, परंतु दोन हंगामांत एकही सामना त्याला लाभला नाही. २०२२ साली पंजाबने २० लाखांस घेतले, तेव्हा कोठे मैदान मिळाले. आणि २०२५ च्या हंगामासाठी बंगळूरने ११ कोटी मोजले. लिलावात खेळाडूने केवळ आपली मूळ किंमत नोंदवायची. कोणत्या शहरी रुजू व्हायचे, हे बोली लावणारेच ठरवतात.

२७ मे २०२५ रोजी लखनौ येथे बंगळूरसमोर २२८ धावांचे लक्ष्य असताना, त्या दिवशीचे नेतृत्वही अंगावर घेऊन, जितेशने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या. मला मात्र आठवड्यानंतरच्या अंतिम सामन्यातील, आपल्याच जुन्या पंजाब संघाविरुद्ध १० चेंडूंत काढलेल्या २४ धावा अधिक मोलाच्या वाटतात, कारण बंगळूरचा विजय अवघ्या ६ धावांचा होता. त्याच वर्षी देशांतर्गत क्रिकेटमध्ये विदर्भाचा संघ सोडून त्याने बडोद्याची वाट धरली.