प्रभावाभ्यासातील अनुक्त गृहीतक

युक्तिवादात हेतू आणि निष्कर्ष उघडपणे मांडलेले असतात; त्यांना जोडणारे विधान मात्र पुष्कळदा अनुक्त राहते. तर्कक्षमतेच्या चाचणीत तेच शोधावयाचे असते. त्याची कसोटी निषेधाची आहे: संभाव्य गृहीतक नाकारून पाहावे, युक्तिवाद कोसळला, तर ते आवश्यक.

‘दोन कृतींत साम्य आहे, म्हणून उत्तरकालीन कृतीवर पूर्वकालीन कृतीचा प्रभाव आहे’ हा युक्तिवाद घ्यावा. ‘पूर्वकालीन कृती श्रेष्ठ आहे’ हे नाकारले तरी त्याला बाध येत नाही. ‘असे साम्य संपर्कावाचून उद्भवत नाही’ हे नाकारताच मात्र निष्कर्ष निराधार होतो. तो खोटा ठरतो असे नव्हे. रने एत्यांब्ल यांनी १९६३ मध्ये याच गृहीतकावर बोट ठेवले. अठराव्या शतकातील युरोपीय पूर्व-स्वच्छंदतावादाची लक्षणे बाराव्या शतकापर्यंतच्या चिनी काव्यातही आढळतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

न्यायदर्शनाच्या पंचावयवी वाक्यात ‘उदाहरण’ हा अवयव व्याप्ती उघड करतो: जेथे धूर, तेथे अग्नी. प्रभाव सांगणाऱ्या अभ्यासकानेही आपली व्याप्ती अशीच उच्चारावी; म्हणजे साम्यांची यादी कोठे संपते आणि संपर्काचा पुरावा कोठून हवा, हे स्पष्ट होते.