व्यसनमुक्तीच्या वाटेवरची सोबत

बेळगावच्या खडेबाजारात नवख्या माणसाने एखादे घर विचारले, तर कोणी नुसते बोट दाखवितो आणि कोणी त्याला दारापर्यंत पोहोचवून येतो. दारूच्या पाशातून सुटू पाहणाऱ्याच्या बाबतीत हा फरक कुटुंब तारणारा ठरू शकतो.

व्यसनमुक्तीचे समुपदेशक रुग्णास पुष्कळदा अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या बंधुसंघाकडे पाठवितात. १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन शहरी बिल विल्सन व डॉक्टर बॉब स्मिथ या दोघा मद्यासक्तांनी त्याचा पाया घातला. आपली हतबलता मान्य करणे, ईश्वरावर भार टाकणे, दोष कबूल करणे, दुखावलेल्यांची भरपाई करणे आणि अखेर इतरांस तोच मार्ग दाखविणे, हे त्याच्या बारा पायऱ्यांचे सार होय. तेथे सक्तीची वर्गणी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट.

पण तेथवर जावे कसे? १९८१ साली अमेरिकेत वीस जणांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना सभेचे ठिकाण व वेळ सांगून जाण्याचा आग्रह केला. त्यांतील एकही गेला नाही. उरलेल्यांच्या देखत समुपदेशकाने संघाच्या सभासदास फोन लावला व त्या सभासदाने सोबत नेण्याचे कबूल केले. ते सारेच्या सारे गेले!

हे मर्म सिस्टर इग्नेशिया यांनी आधीच ओळखले होते. १९३९ पासून अॅक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात डॉक्टर बॉब यांच्यासह त्यांनी मद्यासक्तांची सेवा केली. घरी निघालेल्या रुग्णास त्या येशूच्या पवित्र हृदयाचे पदक देत आणि बजावीत, की पुन्हा पेला उचलण्यापूर्वी हे परत आणून द्यावे.

आपल्याकडे फादर जो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत वांद्रे येथे कृपा फाउंडेशन स्थापून बारा पायऱ्यांना योगाची जोड दिली.

वाचकहो, आपल्या घरी वा शेजारी असा कोणी असेल, तर प्रथम त्यास डॉक्टरांकडे न्यावे. रोज पुष्कळ पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडल्यास झटके येऊन जिवावर बेतू शकते. मग पहिल्या सभेस त्याच्याबरोबर जावे. पत्नीने व घरच्यांनी अल्-अॅनॉन या कुटुंबीयांच्या संघाचा आधार घ्यावा. कफर्णहूमच्या पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून प्रभूपुढे ठेविले होते. आपल्यातील एकाने तरी अशा बंधूचा हात धरावयास नको काय?