ठोका ऐका!

मोटारीच्या इंजिनाला बोलता येत नाही, असे कोण म्हणतो? ते बोलते, ऐकणाऱ्याला कान मात्र हवेत. जुन्या पिढीतल्या ड्रायव्हरांना ते होते. भरलेली गाडी चढावर वरच्या गिअरमध्ये रेटली, की पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज पुढून येई. ड्रायव्हर चटकन पाय सैल करी, खालचा गिअर टाकी आणि शेजारच्याला सांगे, ‘इंजिन ठोकतंय.’ कुर्ल्याची पद्मिनी असो की अँबॅसडर, हा ठोका सर्वांच्या ओळखीचा होता.

आजच्या मोटारी बंद काचांच्या, गार हवेच्या आणि गाण्यांच्या. त्यांत बसणाऱ्याला ठोका सहसा ऐकूच येत नाही. पण म्हणून तो नाहीसा झालेला नाही. उलट मोटार जितकी ताकदवान, तितकी ती ह्या ठोक्याच्या जवळून धावते. आणि वर्ध्याच्या उन्हाळ्यात तर दोघांतले अंतर फारच थोडे उरते. वेगाच्या मोटारीसाठी लाखो रुपये मोजणाऱ्याने हा ठोका म्हणजे काय, हे समजून घेतलेले बरे.

उदाहरण दिवाळीचे घेऊ. पेट्रोलचा इंजिनात स्फोट होतो, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नव्हे. प्लगची ठिणगी पडली, की पेट्रोल आणि हवेचे मिश्रण फुलबाजीसारखे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जळत जाते. दाब क्रमाने वाढतो आणि पिस्टन खाली रेटला जातो. पण कधी कधी पुढे सरकणारी ज्योत कोपऱ्यात उरलेल्या मिश्रणाला दाबते, तापवते आणि ज्योत तिथे पोचण्याआधीच ते सारे एकदम पेट घेते. अर्धी फुलबाजी नीट जळावी आणि उरलेल्या अर्धीचा सुतळी बाँब व्हावा, तसाच हा प्रकार! दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात, धातू थरथरतो आणि आपल्याला ऐकू येतो तो ठोका.

ह्यात बिघडते काय? सिलिंडरमध्ये ज्योतीचे तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि पिस्टनचे ॲल्युमिनियम तर ६६० अंशांच्याही आतच वितळू लागते. मग पिस्टन टिकतो कसा? धातूला लगटून वायूचा एक पातळ, त्या मानाने थंड थर असतो. तोच त्याचे चिलखत. ठोक्याच्या लाटा हे चिलखत फाडून टाकतात. मग पिस्टनच्या कडा उंदरांनी कुरतडल्यासारख्या दिसू लागतात. रिंगांमधली धातूची कड तुटते, तेल जळू लागते आणि मागून निळा धूर निघतो. हेड गॅस्केट फुटते, बेअरिंगला मार बसतो. क्षणभर हलकासा ठोका झाला, तर भिण्याचे कारण नाही; पण पूर्ण जोरात धावणाऱ्या इंजिनाने जबर ठोका खाल्ला, तर थोड्याच वेळात पिस्टनला भोक पडू शकते.

ह्या रोगावरच्या औषधाची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९२१ च्या डिसेंबरात अमेरिकेत टॉमस मिजली ह्या संशोधकाला आढळले, की पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग चिमूटभर घातले, की ठोका थांबतो. इंजिनाचे भले झाले, पण ते शिसे धुरावाटे माणसांच्या, आणि विशेषतः मुलांच्या, शरीरात गेले. भारताने २००० साली पेट्रोलमधले शिसे काढून टाकले. अल्जीरियाने २०२१ मध्ये त्याची विक्री थांबवली, तेव्हा कुठे साऱ्या जगातल्या मोटारी त्यातून सुटल्या. पेट्रोल ठोक्याला किती दाद देत नाही, ह्याचे माप म्हणजे ऑक्टेन. आपल्याकडचे साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे असे. २०२५ मध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर आल्यावर ते ९५ च्या घरात गेले. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना आणि मायलेजला हे इथेनॉल मानवते की नाही, हा वाद निराळा. ठोक्यापुरते बोलायचे, तर ते औषधच आहे.

मग काळजी कसली? काळजी अशी, की ताकद वाढवण्याचे बहुतेक मार्ग ठोक्याच्या दारावरूनच जातात. जुन्या गाड्या मिश्रण सात-आठ पट दाबत. आजची इंजिने दहा पट आणि त्याहूनही अधिक दाबतात. त्यात टर्बो आला. तो धुराच्या जोरावर फिरतो आणि सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. सायकलचा पंप मारताना तो हाताला गरम लागतो, तशीच ही कोंबलेली हवाही तापते. आणि तापलेली हवा हेच ठोक्याचे माहेर!

म्हणून इंजिनावर एक पहारेकरी ठेवलेला असतो. त्याचे नाव नॉक सेन्सर. डॉक्टरच्या नळीप्रमाणे तो इंजिनाला कान लावून बसतो. ठोका जाणवला, की गाडीतला संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. इंजिन वाचते, पण ताकद कमी होते. गाडी अकारण मंद झाली असे वाटले, तर कित्येकदा ह्या पहारेकऱ्यानेच तिला आवरलेले असते.

आता वर्ध्याकडे वळू. १९३६ साली गांधीजी वर्ध्याहून सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, पायी गेले. त्याच जिल्ह्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा सारा रस्ता पूर्ण झाला. येळाकेळीला किंवा विरूळला गाडी वर चढवली, की समोर सरळ, मोकळा रस्ता आणि ताशी १२० किलोमीटरची मुभा. मे महिन्यात ४५ अंशांचे ऊन, गाडीत पाच माणसे, सामान, एसी पुरता चालू आणि पाय पेडलवर दाबलेला! इंजिनात जाणारी हवा आधीच तापलेली. पहारेकऱ्याची खरी परीक्षा इथे होते.

कारखान्यातून आलेली गाडी ह्या परीक्षेत सहसा पास होते. नापास होते ती ‘ट्यूनिंग’ केलेली. काही हौशी मंडळी संगणकातला हिशेब बदलून घेतात, टर्बोचा दाब वाढवतात, ठिणगी लवकर पाडतात. असा हिशेब पुष्कळदा वरच्या ऑक्टेनचे पेट्रोल गृहीत धरून मांडलेला असतो. शंभर ऑक्टेनचे पेट्रोल आपल्याकडे २०२० मध्ये मोजक्या शहरांतून विकायला आले. वाटेतल्या प्रत्येक पंपावर ते कुठून मिळणार? मग टाकीत साधे पेट्रोल पडते, आणि कंपनीने राखून ठेवलेली सुरक्षिततेची पुंजी त्या एका दुपारी उडून जाते.

आणखी एक चोर आहे. लहान टर्बो इंजिन कमी फेऱ्यांवर असताना पेडल पूर्ण दाबले, तर तेलाचे थेंब किंवा काजळीचे कण ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतात. ह्यातून बसणारा ठोका फार भयंकर असतो. ठिणगी उशिरा पाडून तो थांबत नाही, कारण आग ठिणगीने लावलेलीच नसते. पहारेकरी इथे हतबल!

उपाय मात्र साधे आहेत. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्याच ऑक्टेनचे पेट्रोल घाला. त्याहून महागडे घातल्याने साध्या गाडीला पंख फुटत नाहीत. तेल पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रतीचे वापरा. उन्हाळ्यापूर्वी कूलंट, रेडिएटर आणि प्लग तपासून घ्या. ओव्हरटेक करताना वरच्या गिअरमध्ये गाडी रेटू नका, खालचा गिअर टाका. ट्यूनिंग करून घेण्याआधी, ते कोणत्या पेट्रोलवर आणि किती उन्हात तपासले आहे, हे मिस्त्रीला विचारा. उत्तर गोलमाल आले, तर खिशात हात घालू नका. ताकद अचानक गळाली किंवा इंजिनाचा दिवा लागला, तर पेडल आणखी दाबू नका. पाय सैल सोडा आणि सावकाश गॅरेज गाठा.

इंजिन बदलण्याचा खर्च एखाद्या शेतकऱ्याच्या कपाशीचे सारे वर्ष गिळू शकतो. पाय सैल करायला मात्र दमडीही लागत नाही.