तंबाखूचा तरवा का बसतो?

निपाणी, कागल, गडहिंग्लज भागात पावसाळ्यात तंबाखूचा तरवा टाकला की एक तक्रार ठरलेली. काल हिरवागार असलेला वाफा आज जागोजागी बसलेला दिसतो. रोपाच्या बुडाशी पाणी भरल्यासारखा डाग, देठ नरम, रोप आडवे. आपला शेतकरी दुकानात जाऊन "बुरशीचं औषध द्या" म्हणतो, कार्बेन्डाझिमची पुडी आणतो, वाफ्यावर ओततो. रोपे बसायची काही थांबत नाहीत. मग औषध बोगस निघाले म्हणून दुकानदाराच्या नावाने शिमगा!

पण औषध चांगले असले तरी हेच होणार, कारण ज्याच्यावर ते ओतले ती खरी बुरशीच नव्हे. रोपे कोलमडवणारा पिथियम आणि तंबाखूचे खोड काळे पाडणारा फायटोप्थोरा हे दिसायला बुरशीसारखे, पण त्यांचे नाते समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, यांच्यात मुख्यतः सेल्युलोज. यांचे बीजाणू दोन शेपट्यांच्या जोरावर ओल्या मातीत पोहत मुळापर्यंत जातात. द्राक्षावरचा केवडा, बटाट्यावरचा उशिराचा करपा ही सगळी याच भावकीतली मंडळी. कार्बेन्डाझिमला ती दाद देत नाहीत. हेक्साकोनॅझोलचेही तेच. ते बुरशीची स्टेरॉल बनवण्याची क्रिया बंद पाडते आणि पिथियम, फायटोप्थोरा तर स्टेरॉल स्वतः बनवतच नाहीत!

लागेल तो स्टेरॉल उचलायला फायटोप्थोरा एक प्रथिन बाहेर सोडतो, त्याला इलिसिटिन म्हणतात. गंमत अशी, की तंबाखूचे रोप नेमके हेच प्रथिन ओळखते. ओळख पटली की काही मिनिटांत पेशीत कॅल्शियम शिरते, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो, आणि रोगाभोवतीच्या पेशी स्वतःहून मरतात. शेताला आग लागल्यावर पुढचा पट्टा आपणच जाळून टाकावा, तसला हा प्रकार. शेजारच्या पेशी कॅप्सिडिओल नावाचे विष बनवतात. हेच द्रव्य ढोबळ्या मिरचीतही सापडते, दोन्ही पिके एकाच कुळातली. १९६० साली ऑस्ट्रेलियात असे दिसले, की तंबाखूच्या खोडाला केवड्याची लागण केली तर वरची पाने त्याच रोगाला टक्कर देतात. एका वाड्यात दरोडा पडला की साऱ्या गावाने कड्या लावाव्यात, तसे.

मग काळे खोड होते कसे? तंबाखूवर पोसलेल्या फायटोप्थोराच्या बऱ्याच वाणांनी ते प्रथिन बनवणेच सोडले आहे. चोर खोकलाच नाही तर कुत्रे भुंकणार कसे? आणि तरव्यातल्या रोपाची कथा वेगळीच. एका ग्रॅममध्ये दहा हजारांवर बी बसते, एवढ्याशा बियातून आलेले रोप ते. पेशी कोवळ्या, त्यामुळे प्रतिकार उभा राहण्याआधीच देठ कुजून जातो. म्हणून या वयात रोपाचा भार आपल्यालाच उचलावा लागतो.

वाफा वीतभर उंच करा, चरांतून पाणी निघून गेले पाहिजे. उन्हाळ्यात त्यावर पालापाचोळा, तुरकाट्या पसरून राब भाजा. आपल्या आजोबांची ही रीत शास्त्राला धरूनच होती. बी दाट फोकू नका. दाट रोपांत हवा खेळत नाही, ओल हटत नाही. आमच्या पाहणीत तरी बसलेले वाफे बहुतेक दाटच निघतात.

रोग दिसताच ०.४ टक्के बोर्डो मिश्रणाने वाफा भिजवा. जोर असेल तर मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबचे तयार मिश्रण लिटरला २ ग्रॅम. बोर्डोसाठी १० लिटर पाण्याला मोरचूद ४० ग्रॅम, कळीचा चुना ४० ग्रॅम. दोन्ही वेगवेगळे भिजवून मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत ओतावे, भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे घ्यावे. घासलेला विळा त्यात मिनिटभर बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घाला. तयार केलेले त्याच दिवशी संपवा.