मुदतपूर्व पेन्शन : घ्यावी की थांबावे?

खानदेशच्या कामगाराला गिरणी बंद पडणे नवे नाही. चाळीसगावची लक्ष्मीनारायण मिल व धुळ्याची न्यू प्रताप मिल १९७४ च्या कायद्याने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. पुढे त्याही थांबल्या. जळगावच्या खानदेश मिलच्या जागेवर आज बाजारसंकुल उभे आहे. आता आपल्या समाजातील पुष्कळ बांधव जळगाव एम.आय.डी.सी.त चटईच्या व पाइपच्या कारखान्यांत, डाळ मिलमध्ये, तर धुळ्याकडे अवधानला कामाला आहेत. काम घटले की तेथे कामगार कपातीची कुजबुज सुरू होते. अशा वेळी पन्नाशी ओलांडलेला सभासद हमखास विचारतो, "भाऊ, राजीनामा देऊन पेन्शन सुरू करून घेऊ का?"

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. प्रथम योजना समजून घेऊ.

कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. त्यापूर्वी १९७१ ची कुटुंब पेन्शन योजना होती. मालकाच्या १२ टक्के वर्गणीतून पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम पेन्शन खात्यात जाते. त्यासाठी धरावयाच्या पगाराची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये करण्यात आली. पेन्शनचे सूत्र असे : शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला ६,५०० ची मर्यादा लागते, म्हणून जुन्या कामगाराचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी निघतो. पगार कमी तर पेन्शनही कमी, हे ओघाने आलेच. विणकाम खात्यात पगार जास्त होता व तेथेच अस्पृश्य कामगारांना घेत नसत, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२८ च्या मुंबईच्या संपाच्या वेळी मांडला होता, तो का, हे यावरून तरुणांच्या ध्यानात यावे.

पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी मिळते. सेवा किमान १० वर्षे हवी. नोकरी सुटली असेल तर ५० नंतर मुदतपूर्व पेन्शन घेता येते, मात्र ५८ ला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांचे दरसाल ४ टक्के कापले जातात. ही कपात ५८ पूर्ण झाल्यावर भरून निघत नाही, ती जन्मभराची असते. पतीच्या पश्चात पत्नीला त्याच्या पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळते, ती या घटलेल्या रकमेच्या निम्मी.

एक उदाहरण घेऊ. वय ५४, धरलेला पगार १५,०००, सेवा १२ वर्षे, सगळी सप्टेंबर २०१४ नंतरची. सूत्राने ५८ व्या वर्षाची पेन्शन येते २,५७१ रुपये. आताच घेतली तर १६ टक्के कापून २,१६० रुपये. दरमहा ४११ रुपयांचा तोटा. पण चार वर्षांत हाती आलेले १,०३,६८० रुपये या तोट्यातून वळते व्हायला २१ वर्षे लागतात. म्हणजे वयाच्या ७९ पर्यंत लवकर घेणाराच पुढे राहतो! रात्रपाळ्या करून झिजलेल्या माणसाला थांबच, असा सरसकट सल्ला देणे मला पटत नाही.

खरे नुकसान दुसरीकडे आहे. त्याच माणसाला पी.एफ. लागू असलेले दुसरे काम मिळाले व तो ५८ पर्यंत टिकला, तर सेवा १६ वर्षे होते आणि पेन्शन ३,४२९ रुपये. मुदतपूर्व पेन्शन एकदा सुरू झाली की पुढच्या नोकरीत पेन्शनची वर्गणी जात नाही. तो भाग पी.एफ.मध्ये जमा होतो, पण सेवेची वर्षे वाढत नाहीत. म्हणून शरीर धड असेल व काम मिळण्याची आशा असेल, तर फॉर्म १०-सी भरून स्कीम सर्टिफिकेट घ्यावे. त्याने जुनी सेवा नव्या सेवेला जोडता येते. उलट, आजारपण असेल, कामाची आशा नसेल, किंवा घर चालवायला सावकाराचे व्याज भरावे लागत असेल, तर पेन्शन घेण्यात कमीपणा नाही.

राजीनाम्याबाबत मात्र माझे मत ठाम आहे. पेन्शनच्या ओढीने स्वतःहून राजीनामा देऊ नये. मालकाने कपात केली तर, सलग एक वर्ष सेवा झालेल्या कामगाराला दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई मिळते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ही तरतूद २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. राजीनामा दिला की कपात झालीच नाही, असे ठरते व हा हक्क जातो. साहेब कोरा कागद पुढे करून "सही कर, हिशेब लवकर देतो" म्हणाले, तरी सही करण्याआधी युनियनला विचारावे. ग्रॅच्युइटी व पी.एफ. या रकमा वेगळ्या. त्या पेन्शनमधून वजा होत नाहीत.

अशी एकरकमी रक्कम आली की पाहुण्यांनाही वास लागतो. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले : एक उपभोगाला, दोन धंद्याला, चौथा संकटासाठी राखीव. मुलीचे लग्न थाटात करून चौथा भागही खर्च केलेली घरे आपल्या वस्तीत दाखवता येतील.

विद्यार्थी मित्रांनी एवढे करावे. वडिलांचे पी.एफ. पासबुक काढून नाव व जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का ते पाहावे. आईचे नाव वारस म्हणून लागले आहे का, जुन्या नोकरीची सेवा जोडली गेली आहे का आणि नोकरी सोडल्याची तारीख नोंदली आहे का, हेही तपासावे. पेन्शनचा अर्ज फॉर्म १०-डी वर होतो. त्यास पती-पत्नीचा एकत्रित फोटो व बँक खात्याचा तपशील लागतो. नोंदीत चूक असेल तर ती मालक कारखान्यात असेपर्यंत, त्याच्या सहीशिक्क्यानिशी दुरुस्त करून घ्यावी. कुलूप लागल्यावर ती सही मिळवायला नाशिकच्या कार्यालयापर्यंत खेटे घालावे लागतात.