दूरनियंत्रित विमान-प्रतिकृतीतील एलेरॉन व फ्लॅप यांचे मिश्रण : एक विवेचन

प्रस्तावना

अभियांत्रिकी महाविद्यालयांत दूरनियंत्रित विमान-प्रतिकृती तयार करणे हा आता केवळ छंद राहिलेला नाही. एसएई इंडियाच्या एरो डिझाइन चॅलेंजसारख्या स्पर्धांमुळे त्यास अभ्यासपूरक उपक्रमाचे स्वरूप प्राप्त झाले आहे. तळवडे, चिखली, निगडी या औद्योगिक पट्ट्यात मात्र कारखान्यांच्या शेड, विजेच्या तारा व नव्या इमारती यांमुळे विमान उतरविण्यास लांब मोकळी जागा सहसा मिळत नाही. आखूड जागेत कमी वेगाने उतरणे क्रमप्राप्त असते व त्यासाठी फ्लॅपची गरज भासते. एका सत्राचे श्रम खर्ची घालून बनविलेली प्रतिकृती फ्लॅप उघडून उतरताना अखेरच्या काही सेकंदांत कलंडू शकते. त्या वेळी दोष चालविणाऱ्या विद्यार्थ्याला दिला जातो. वस्तुतः पुष्कळदा तो ट्रान्समीटरमधील मांडणीत असतो.

मिश्रणाचे गणित

लहान प्रतिकृतींना स्वतंत्र फ्लॅप क्वचितच असतात. दोन्ही पंखांवरील एलेरॉन एकाच वेळी खाली झुकवून त्यांच्याकडूनच फ्लॅपचे काम करून घेतले जाते. यालाच फ्लॅपेरॉन म्हणतात. त्यासाठी प्रत्येक एलेरॉनला स्वतंत्र सर्व्हो व रिसीव्हरवर स्वतंत्र चॅनेल असणे आवश्यक आहे. एकाच वाय-वायरीवर जोडलेल्या दोन सर्व्होंचे मिश्रण होऊ शकत नाही. ट्रान्समीटर येथे केवळ बेरीज-वजाबाकी करतो. एका बाजूस फ्लॅपच्या मूल्यात एलेरॉनचे मूल्य मिळविले जाते, दुसऱ्या बाजूस ते वजा होते. तेजस विमानाच्या पंखांवरील एलेव्हॉनमध्ये एलिव्हेटर व एलेरॉन यांची कामे अशीच एकत्र केलेली आहेत. तेथे ही बेरीज उड्डाण-संगणक करतो, इतकाच फरक.

परंतु सर्व्होच्या हालचालीस मर्यादा असते आणि खरी अडचण येथेच उद्भवते. समजा, एलेरॉनची हालचाल ७० टक्के व फ्लॅपची ८० टक्के ठेवली. फ्लॅप पूर्ण उघडे असताना स्टिक पूर्ण वळविल्यास खाली जाणाऱ्या बाजूची बेरीज १५० होते. प्रत्यक्षात ती १०० वरच थांबते. दुसरी बाजू १० वर राहते. दोन्ही बाजूंमधील अंतर फ्लॅपविना १४० होते, ते आता ९० उरते. म्हणजे कलण्यावरील नियंत्रणाचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग नाहीसा झाला, आणि तोही वेग कमी असताना, जेव्हा त्याची सर्वाधिक गरज असते. फ्लॅप ३० टक्क्यांवर आणल्यास बेरीज बरोबर १०० होते व काहीच गमवावे लागत नाही. अधिक फ्लॅप म्हणजे अधिक सुरक्षित अवतरण, ही समजूत म्हणूनच तपासून घ्यावयास हवी.

मांडणी व दिशेची चूक

प्रथम सर्व्होची भुजा व जोडकाड्या यांत्रिकरीत्याच मध्यावर आणाव्यात. सब-ट्रिमचा उपयोग उरलेल्या किरकोळ फरकापुरताच करावा, कारण मोठा सब-ट्रिम दिल्यास एका बाजूची हालचाल आधीच खर्ची पडते. नंतर विमानामागे उभे राहून स्टिक उजवीकडे न्यावी. उजवा एलेरॉन वर व डावा खाली गेला पाहिजे. एलेरॉन योग्य दिशेने हलत असूनही फ्लॅप खाली जाण्याऐवजी वर जात असतील, तर सर्व्होची दिशा उलटवू नये. तसे केल्यास एलेरॉनची दिशाही बिघडते. येथे फक्त फ्लॅपच्या टक्केवारीचे चिन्ह बदलावयाचे असते. ही चूक नवख्यांकडून इतक्या वेळा होते, की प्रत्येक उड्डाणापूर्वी ही तपासणी मोठ्याने उच्चारून करण्याची सवय लावणे इष्ट.

फ्लॅप उघडताच विमानाचे नाक वर किंवा खाली जाते. त्याच्या भरपाईसाठी फ्लॅपपासून एलिव्हेटरकडे आणखी एक मिश्रण द्यावे लागते. त्याचे प्रमाण कागदावर ठरत नाही. पुरेशा उंचीवर सरळ उड्डाणात थोडे फ्लॅप उघडून ते ठरवावे व फ्लॅपची हालचाल एक-दोन सेकंदांत सावकाश होईल असे पाहावे.

पंखाग्राचा स्टॉल

फ्लॅपेरॉनचा आणखी एक दोष अधिक गंभीर आहे. स्वतंत्र फ्लॅप पंखाच्या मुळाशी असतात. फ्लॅपेरॉन मात्र टोकापर्यंत जातात. त्यामुळे पंखाचे टोक स्टॉलच्या जवळ येते. अशा वेळी डावा पंख खाली झुकला म्हणून स्टिक उजवीकडे नेल्यास डावा एलेरॉन आणखी खाली जातो, त्या टोकाची उचल वाढण्याऐवजी कोसळते आणि विमान डावीकडेच कलंडते. येथे एलेरॉनऐवजी रडरने सावरणे व नाक किंचित खाली घेणे योग्य. एलेरॉनची खालची हालचाल वरच्या हालचालीच्या निम्मी ठेवल्यास हा धोका कमी होतो.

या संदर्भात स्थानिक हवामानही लक्षात घेतले पाहिजे. तळवड्याचा परिसर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच आहे. डिसेंबरच्या सकाळी तापमान १२ अंश सेल्सिअस व एप्रिलच्या दुपारी ३८ अंश धरल्यास दुपारची हवा सुमारे ८ टक्के विरळ भरते, व स्टॉलचा वेग सुमारे साडेचार टक्क्यांनी वाढतो. हिवाळ्यात बसविलेली फ्लॅपची मूल्ये उन्हाळ्यात पुन्हा उंचीवर तपासून घ्यावीत. शिवाय देहूरोड येथील लष्करी आस्थापना जवळच असल्याने, उड्डाणाची जागा ड्रोन नियम, २०२१ खालील हवाई क्षेत्राच्या नकाशावर पाहून मगच निश्चित करावी.